घर सगळ्यांना आवडतं, मग घेत कोणीच का नाही?

पत्र (थोडं कापलंय):

"आमचा कर्वेनगरला २ बीएचके आहे, १९९४ ची बिल्डिंग, तिसरा म्हणजे सगळ्यात वरचा मजला, लिफ्ट नाही. सासऱ्यांनी घेतलेला. लेक बंगळुरूला असते, ती म्हणते इकडेच या, आणि यांचे गुडघे आता जिने चढू देत नाहीत. विकायचं ठरल्यावर ९ लाख खर्च करून घर नवीन केलं. मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग, टेरेस आत घेऊन हॉल मोठा केला, फोटोही चांगल्या फोटोग्राफरकडून काढले. ९८ लाख सांगतोय. १० महिन्यांत ४६ जण बघून गेले, सगळे म्हणतात घर काय सुंदर ठेवलंय आणि नंतर फोनच नाही. दोघांनी टोकन दिलं आणि बँकेत जाऊन आल्यावर परत मागितलं. एकाच्या बँकेने म्हणे ८२ लाखच किंमत काढली. चार एजंट आहेत, त्यातला एक ८५ ला द्या म्हणतो. पण शेजारची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेलीय, उद्या आमची जाणार, म्हणून हे कमी करायला तयार नाहीत. येणाऱ्या प्रत्येकाला ते हे सांगतात पण. कागदपत्रं क्लिअर आहेत, हे नॉमिनी होते त्यामुळे शेअर सर्टिफिकेटवर यांचंच नाव लागलंय. नणंद नाशिकला, दीर न्यू जर्सीला, त्यांची काही हरकत नाही. आता दोन्ही बाथरूम नवीन करायचे अडीच लाख सांगितलेत. करावेत का?"
— गोंधळलेली, कर्वेनगर, पुणे

ताई, पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मला पण वाटलं की अरे एवढं केलंय तर का जात नाही घर, आणि दुसऱ्यांदा वाचताना त्या टोकनवाल्या वाक्यावर अडकले ती अडकलेच. मी २६ वर्षं बँकेत होते, त्यातली ११ होमलोनच्या टेबलवर, त्यामुळे माझी नजर तिकडेच जाते. ४४ जणांनी घेतलं नाही ते ठीक आहे, त्यांचं नंतर बघू. पण दोन माणसांना तुमचं घर इतकं आवडलं की त्यांनी खिशातून पैसे काढले, आणि दोघंही बँकेत जाऊन आल्यावरच मागे फिरले. म्हणजे त्यांना आवडलं होतं हो, बँकेला नाही आवडलं. आणि बँकेचा माणूस तुमचं किचन बघतच नाही, तो फाइल बघतो.

तर आधी फाइल. तुम्ही लिहिलंय कागदपत्रं क्लिअर आहेत, आणि पुढच्याच ओळीत लिहिलंय की यजमान नॉमिनी होते. ताई, इथेच सगळं आहे. नॉमिनी म्हणजे मालक नाही. सोसायटीने नॉमिनीच्या नावावर शेअर सर्टिफिकेट करून दिलं असेल ते एवढ्यासाठीच, कारण सोसायटीला मेंटेनन्स कोणाकडून घ्यायचा आणि मीटिंगची नोटीस कोणाला द्यायची ते ठरवायचं असतं, पण मालकी ठरते ती वारसा हक्काने. सासऱ्यांनी मृत्युपत्र केलं असतं तर तुम्ही लिहिलं असतं, म्हणजे केलं नाही असं धरते, आणि सासूबाई पण आता नाहीत असंही धरते. मग या घरात तुमच्या यजमानांचा, नणंदेचा आणि दिरांचा सारखा म्हणजे एक तृतीयांश वाटा आहे. नणंदेचं लग्न होऊन किती वर्षं झाली याने काही फरक पडत नाही. लोकांना २००५ ची दुरुस्ती तेवढी माहीत असते, मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क मिळाला ती, पण वडिलांनी स्वतःच्या कमाईने घेतलेल्या घरात मृत्युपत्र नसेल तर मुलीचा सारखा वाटा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच आहे. बँकेच्या पॅनलवरचा वकील ३० वर्षांचा सर्च काढतो, म्हणजे घराच्या जुन्या व्यवहारांच्या नोंदी तपासतो, त्याला पहिल्या पाच मिनिटांत दिसतं की करारनामा सासऱ्यांच्या नावावर आणि विकतोय मुलगा, मधला कागद कुठे आहे? शेअर सर्टिफिकेट दाखवलं की तो चहा पिता पिता मान हलवतो आणि रिपोर्टमध्ये एक ओळ लिहितो, आणि त्या एका ओळीत तुमचं गिऱ्हाईक जातं. गिऱ्हाइकाला पण नीट कळत नाही काय झालं ते, तो तुम्हाला "घरचे नाही म्हणाले" असं काहीतरी सांगून टोकन घेऊन जातो.

"त्यांची काही हरकत नाही" हे जेवणाच्या टेबलावर ठीक आहे, सब-रजिस्ट्रारसमोर त्याला किंमत नाही. दोन रस्ते आहेत. नणंद आणि दीर पैशांत वाटा घेणार नसतील तर दोघांकडून यजमानांच्या नावे हक्कसोड पत्र, म्हणजे आपला वाटा सोडल्याचा कागद, करून ते रजिस्टर करा, घरातल्या घरात असतं त्यामुळे स्टॅम्प ड्यूटी तशी किरकोळ लागते. आणि वाटा द्यायचा असेल तर हक्कसोड करायच्या भानगडीत पडू नका, तिघांनी मिळून विकणारे म्हणून सह्या करा. दिरांना यायला जमणार नसेल तर त्यांनी तिथल्या भारतीय वकिलातीत जाऊन कुलमुखत्यारपत्र करून पाठवायचं आणि ते इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर स्टॅम्प ड्यूटी भरून घ्यायची, ही तीन महिन्यांची गोष्ट लोक हमखास विसरतात आणि कागद कपाटात पडून राहतो. अजून एक, दीर एनआरआय असतील आणि विकणाऱ्यांत त्यांचं नाव असेल तर त्यांच्या हिश्श्यावर टीडीएसचे, म्हणजे खरेदीदाराने पैसे देतानाच कापायच्या कराचे, नियम वेगळे लागतात, साधा १ टक्का नाही, आणि खरेदीदार या प्रकाराला फार बिचकतात, तेव्हा सीएशी आधी बोलून ठेवा. आणि ताई, पैशांचं जे काय आहे ते भावंडांत आत्ताच बोलून घ्या, गिऱ्हाईक दारात उभं असताना नको. मी एकदा अशी केस बघितलीय की साठेखताच्या दिवशी सकाळी बहिणीला आठवलं की आईच्या पाटल्यांचं काय झालं, आणि ते प्रकरण दोन वर्षं चाललं. घर शेवटी विकलं गेलं पण भाऊबीज बंद झाली.

आता टेरेस. हे लिहिताना मला जरा वाईट वाटतंय कारण तुम्ही हौसेने केलंय. पण बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत काढणारा माणूस, येतो तेव्हा त्याच्या हातात मंजूर नकाशा असतो, नकाशात हॉल संपतो आणि पुढे टेरेस आहे, तुमच्या घरात टेरेसच नाही. तो ती जागा हॉल म्हणून मोजत नाही, वर मंजूर नकाशाप्रमाणे बांधकाम नाही असं लिहून मोकळा होतो. म्हणजे ज्या कामाने घर मोठं दिसलं त्याच कामाने ते कागदावर लहान आणि वादग्रस्त झालं. आणि तेही सोडा, कोथरूड-कर्वेनगरच्या त्या काळातल्या बिल्डिंगमध्ये टेरेस हीच तर मजा होती! नवीन टॉवरमध्ये कुंडी ठेवली तर माणूस उभा राहू शकत नाही अशा बाल्कन्या मिळतात, आणि तुमच्याकडे झोपाळा लावता येईल अशी जागा होती ती तुम्ही काच लावून आत घेतली. भिंत परत बांधायला जमत असेल तर बांधा, निदान मधे सरकतं दार बसवून बाहेरची काच काढा, आणि तोपर्यंत येणाऱ्याला आपण होऊन सांगा की इथे टेरेस होती, नकाशात टेरेस आहे. त्याच्या वकिलाने सांगण्यापेक्षा तुम्ही सांगितलेलं बरं.

आता किंमत. यजमानांना वाटतंय की ९८ आणि ८५ मध्ये १३ लाखांचा फरक आहे, गिऱ्हाईक म्हणेल ना थोडंफार, भेटू मधे कुठेतरी. पण घेणाऱ्याच्या बाजूने हा हिशोब कसा दिसतो ते कोणी तुम्हाला करून दाखवलेलं दिसत नाही, म्हणून मी दाखवते, जुनी सवय आहे. बँक कर्ज देते ते करारातली किंमत आणि तिच्या व्हॅल्युअरची किंमत यातली जी कमी असेल तिच्यावर, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला जास्तीत जास्त ८० टक्के. व्हॅल्युअर म्हणतोय ८२, म्हणजे कर्ज जास्तीत जास्त ६५ लाख ६० हजार. तुम्ही ९८ सांगा नाहीतर सव्वा कोटी सांगा, कर्ज तेवढंच. उरलेले ३२ लाख ४० हजार त्याने स्वतःचे घालायचे. त्यावर पुण्यात मेट्रो सेस वगैरे धरून ७ टक्के स्टॅम्प ड्यूटी, ते झाले ६ लाख ८६ हजार, रजिस्ट्रेशन ३० हजार, एजंटचा १ टक्का धरला तर ९८ हजार. स्टॅम्प ड्यूटी-रजिस्ट्रेशन बँक घराच्या किमतीत धरत नाही. सगळं मिळून त्याच्याकडे साडेचाळीस लाख तयार पाहिजेत. (फक्त बाईच्या नावावर घर घेतलं तर स्टॅम्प ड्यूटीत १ टक्का सवलत आहे, ती सांगत जा येणाऱ्यांना, बऱ्याच जणांना माहीत नसते.)

हेच घर ८५ ला असेल तर? कर्ज तेवढंच, ६५ लाख ६० हजार. पण स्वतःचे घालायचे १९ लाख ४० हजार, स्टॅम्प ड्यूटी ५ लाख ९५ हजार, रजिस्ट्रेशन तेच, एजंटचे ८५ हजार, म्हणजे साडेसव्वीस लाख. बघा, तुम्ही १३ लाख जास्त सांगितले की ते १३ च्या १३ त्याच्या खिशातून रोख जातात, वर ड्यूटी आणि दलाली वाढते ती वेगळीच. ते १३ लाख कुठल्याही हप्त्यात बसत नाहीत. आणि ज्या माणसाकडे साडेचाळीस लाख रोख तयार आहेत तो लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर कशाला येईल, तो नवीन बिल्डिंगमध्ये लिफ्ट आणि कव्हर्ड पार्किंग घेऊन कर्ज थोडं जास्त काढेल. तुमच्याकडे येतो तो साडेसव्वीसवाला. त्याला घर मनापासून आवडतं, म्हणून तर तो बायकोला घेऊन दुसऱ्यांदा येतो, आणि घरी जाऊन कॅल्क्युलेटर काढतो.

इथे कोणीतरी हमखास सुचवेल की वरचे रोखीत घ्या. नको. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, आणि या वयात इन्कम टॅक्सच्या नोटिशीला उत्तरं देत बसायचंय का?

रिडेव्हलपमेंटचं बोलू. यजमान प्रत्येकाला सांगतात ना की बिल्डिंग पाडणारच आहेत, त्यांना वाटतं ही जमेची बाजू आहे. पण जरा विचार करा, ते हे सांगतात कुठे उभे राहून, तर ९ लाखांच्या इंटिरियरच्या मधोमध! घेणारे दोन प्रकारचे असतात. एक कुटुंब, ज्याला राहायचंय, मुलाची शाळा जवळ आहे, १५ वर्षं हलायचं नाहीये. त्याला तुमचं किचन आवडलं होतं, आणि तुम्ही सांगितलं की दोन वर्षांत हे पाडणार आणि तुम्ही तीन वर्षं भाड्याने राहणार. गेला तो. दुसरा इन्व्हेस्टर, त्याला रिडेव्हलपमेंटच हवंय, पण त्याच्या दृष्टीने तुमचं किचन म्हणजे राडारोडा, तो त्याचा एक रुपया देणार नाही, आणि तो पहिला प्रश्न विचारणार की कन्व्हेयन्स झालंय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आहे का, सोसायटीचा ठराव झालाय का, बिल्डर नेमलाय का. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही, फक्त "शेजारची गेली" एवढंच आहे. शेजारच्यांच्या मुलीचं लग्न ठरलं म्हणून आपण हॉल बुक करतो का? ९ लाख पहिल्या माणसासाठी खर्च केले आणि किंमत दुसऱ्या माणसासाठी लावली, त्यामुळे दोघांपैकी कोणालाच घर बसत नाहीये. सोसायटीत खरंच हालचाल असेल, जनरल बॉडीत विषय आला असेल, तर मिनिट्सची कॉपी घेऊन ठेवा आणि विचारलं तरच दाखवा. नसेल तर यजमानांना सांगा की या विषयावर मौन पाळा.

फॉल्स सीलिंगबद्दल पण सांगते, कारण हे कोणी तोंडावर बोलणार नाही. सगळ्यात वरचा मजला, वर गच्ची, ३० वर्षं जुना स्लॅब, आणि तो स्लॅब तुम्ही झाकलाय. जुनं घर घेणारा माणूस आत आला की झुंबर बघत नाही, आधी कोपरे बघतो, ओल आहे का, पोपडे आहेत का. तुमच्याकडे त्याला काहीच दिसत नाही, आणि काहीच दिसत नाही म्हणून तो जास्त घाबरतो. तुम्ही काही लपवायला केलं नसेल हो, पण त्याला ते कसं कळणार? गच्चीचं वॉटरप्रूफिंग सोसायटीने कधी केलं त्याचं बिल सेक्रेटरींकडून घेऊन फाइलला लावा, आणि एका बेडरूममधला सीलिंगचा एक चौकोन उघडता येईल असा करून घ्या, सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. वर बघायचंय का, असं आपणच विचारायचं. हे ऐकायला विचित्र वाटेल पण त्या उघड्या चौकोनाने तुमच्या झुंबरापेक्षा जास्त काम होईल.

मग त्या ४४ जणांचं काय. तुम्ही नक्कीच चहा करत असणार, पोहे पण करत असाल. आपल्याकडे कोणाच्या घरी चहा पिऊन तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही, म्हणून ते म्हणतात घर काय सुंदर ठेवलंय, कळवतो. ते कळवतो म्हणजेच नाही. मी पण हेच केलंय, सासूबाईंचा नाशिकचा फ्लॅट विकायला काढला तेव्हा सहा महिने मी लोकांना सागवानी कपाट उघडून दाखवत होते, हे बघा अस्सल सागवान, आणि लोक वा वा करून जात होते. एका मुलीने जाताना जिन्यात नवऱ्याला हळूच विचारलं की हे कपाट काढून द्यायचे पैसे आपल्याला पडतील का, आणि ते मला ऐकू आलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तर चहा बंद करा म्हणत नाही, पण घर दाखवताना तुम्ही दोघं खाली बागेत जाऊन बसा आणि भाच्याला नाहीतर एजंटला दाखवू द्या. आणि शेवटच्या १० जणांना भाच्याकडून फोन करवा, सरळ विचारायचं, राग मानणार नाही, नक्की कशामुळे नाही घेतलं? ते जे सांगतील त्यातलं निम्मं मी वर लिहिलेलं असेल, पण उरलेलं निम्मं मला इथे बसून कळणार नाही, पार्किंगचं असेल, पाण्याच्या वेळेचं असेल.

दरवाजाची दिशा, वास्तू वगैरे तुम्ही विचारलं नाहीत त्याबद्दल आभार.

चार एजंटांपैकी एक ठेवा. कोणता? जो ८५ म्हणाला तो, कारण तो एकटाच खरं बोलला. चौघं मिळून तेच फोटो वेगवेगळ्या किमतीला टाकतात, आणि १० महिने तेच किचन बघून लोकांना वाटायला लागतं की या घरात काहीतरी आहे म्हणून जात नाहीये. महिनाभर जाहिरात पूर्ण काढून टाका. त्या महिन्यात हक्कसोडीचं काम सुरू करा, टेरेसचं बघा, फाइल लावा, म्हणजे सासऱ्यांचा करारनामा, इंडेक्स टू (त्या कराराच्या नोंदणीचा उतारा), मंजूर नकाशा, भोगवटा पत्र, मालमत्ता कराची पावती, सोसायटीचं ना हरकत पत्र. मग नवीन फोटो, ते पण साध्या मोबाईलवर, दिवसा, कारण त्या फोटोग्राफरच्या लेन्समध्ये हॉल मैदानासारखा दिसत असणार आणि माणूस तीन जिने चढून दम लागलेला आत येतो आणि त्याला तो लहान वाटतो. लिफ्ट नाही हे पण जाहिरातीत लिहा. ४६ चे १५ येतील, पण ते १५ जिने चढायची तयारी करून आलेले असतील. किंमत ८६ सांगा आणि ८४ ला हो म्हणायची मनाची तयारी ठेवा.

यजमानांना हे पटणं अवघड आहे, मला माहितीये. त्यांच्या डोक्यात ते ९ लाख बसलेत आणि ते परत आल्याशिवाय सोडायचं नाही असं वाटतंय. ते आले तर भाड्यातून थोडेफार येतील, कारण भाडेकरू इंटिरियरला पैसे देतो, घेणारा देत नाही. विकायची घाई नसेल तर ११ महिन्यांचा भाडेकरार करून बंगळुरूला जाऊन राहून बघा, हा पण रस्ता आहे, तोपर्यंत नणंद-दिरांचे कागद होतील. पण गुडघे आणि जिने यांचा हिशोब ११ महिने थांबत नाही, तेव्हा रिकामं करून जायचं असेल तर आत्ताच जा, घर दाखवायला तुम्ही तिथे असायची काही गरज नाही.

आणि बाथरूम, नाही. अडीच लाखांच्या टाइल्स लावल्या तरी व्हॅल्युअर ८२ च लिहिणार. गळके नळ बदला, फ्लश नीट चालतो का बघा, टाइल्सच्या फटी व्हाइट सिमेंटने भरून घ्या, थोडक्यात उरकेल. उरलेल्यातून वकिलाची फी द्या.